बासष्ट टक्क्यांवर बंद

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची पांढरी पट्टी बासष्ट टक्क्यांपर्यंत सरकली होती आणि मी तिच्याकडे दूध तापायला ठेवल्यावर पातेल्याकडे बघावं तशी टक लावून बसले होते.

"पोरी, ऊठ आता. मशीनला हळद-कुंकू लावायचंय," मागून अम्मा म्हणाल्या.

"एक मिनिट, अम्मा. एकच."

"वेळ टळायलीय."

"आलेच."

मान न वळवताच मी हे बोलले. पट्टी आता पुढे सरकणार, एवढ्यात पडदा काळा झाला. डब्यातला पंखा घरघरत थांबला. वरची ट्यूबही गेली. मी वळून पाहिलं. अम्मा भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढून उभ्या होत्या आणि त्यांच्या दुसऱ्या हातात झेंडूची माळ होती.

"चालत्या यंत्राची पूजा करत नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "आज त्याला विश्रांती."

मी पुन्हा काळ्या पडद्याकडे वळले.

ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या खंडेनवमीची, सोलापूरच्या पूर्व भागातली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला होते. माझं महानंदा हत्तुरे हे नाव दुकानात कुणी घेत नसे. गिऱ्हाइकं मला 'मॅडम' म्हणत, त्यातही निम्मी हसत म्हणत. बाईमाणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात आलं की "सर नाही आले का?" हा पहिला प्रश्न. त्याचं मला वाईट वाटायचं, आणि ते झाकायला मी गरजेपेक्षा जास्त हुशारी करून दाखवायची. चिट्यालांकडे त्या दिवशी माझं तेच झालं.

अम्मांचे थोरले चिरंजीव अंबादास चिट्याल यांच्याकडे बारा माग होते, पण त्यांचं खरं काम वेगळं. वॉल हँगिंगवर जी नक्षी विणली जाते, मोर म्हणा, कमळ म्हणा, ती आधी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवावी लागते. ती भोकं पाडणारं मशीन त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं आणि आसपासचे तीस कारखाने त्यांच्याकडून कार्डं कापून नेत. मला बोलावलं होतं ते नुसती फ्लॉपी अडकतेय म्हणून. ते काम दहा मिनिटांत झालं. उठून यायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. पण माझ्या पिशवीत त्या मदरबोर्डच्या बायोसची नवी आवृत्ती होती.

बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. तो नखाएवढ्या एका आयसीत, म्हणजे चिपमध्ये, लिहिलेला असतो. तो जागा झाला नाही तर बाकी सगळं धडधाकट असून उपयोग शून्य. नव्या आवृत्तीची त्या मशीनला काडीचीही गरज नव्हती. पण नवं लिहिल्यावर काय वेगळं दिसतं, ते मला बघायचं होतं. लहानपणी मी चालतं घड्याळ असंच उघडलं होतं आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता, पण खोड काही गेली नाही.

जुनं पुसायचं आणि नवं लिहायचं, हे काम अर्धवट राहिलं तर आयसीत ना जुनं उरतं ना नवं. म्हणून लिहिताना वीज जाता कामा नये. हे मला पाठ होतं. त्या दिवशी सोलापुरातलं प्रत्येक यंत्र बंद करून पुजलं जातं, हेही मला जन्मापासून पाठ होतं. आमच्या घरी तर शिवणयंत्र आदल्या रात्रीपासून झाकून ठेवत. पण या दोन गोष्टी एकमेकींना लावून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. सकाळपासून पूर्व भागातल्या मागांची खटखट बंद होती. एवढी शांतता कानांवर आदळत असताना मी बसले होते टक्के मोजत.

पूजा झाली. अम्मांनी पाच बोटं हळदीत बुडवून कॉम्प्युटरच्या डब्यावर उमटवली, माळ घातली, कापूर ओवाळला. मग मुलाला म्हणाल्या, "अंबादास, आता एकदा चालू करून दाखव. मग मी उपास सोडते."

नऊ दिवस त्या दूध आणि केळ्यावर होत्या. वय अडुसष्ट. पूजा झालेलं यंत्र क्षणभर चालवून बघायचं, मग पानावर बसायचं, अशी त्यांची वर्षानुवर्षांची रीत होती.

अंबादासकाकांनी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काळाच.

"मॅडम?" काका माझ्याकडे बघायला लागले.

मी दोन तास झटले. अशा वेळी कधीकधी आयसीचा एक कोपरा शाबूत राहतो आणि तो फ्लॉपीतून स्वतःला सावरून घेतो, म्हणून फ्लॉपी घालून वाट पाहिली. फ्लॉपीच्या दिव्यानं एकदाही डोळा उघडला नाही. बॅटरी काढून घातली. शेवटी कोपऱ्यावरच्या फोन बूथवरून दुकानाच्या मालकांना, म्हणजे सरांना, फोन लावला. ते सणाला सासुरवाडीला गेले होते. "हात लावू नकोस आता," सर म्हणाले. "सुट्ट्या संपल्या की पुण्याला पाठवू. आठ-दहा दिवस जातील. आणि तो बोर्ड आता मिळत नाही, हे ध्यानात ठेव." कार्ड कापायच्या मशीनला जोडणारी सर्किटची पट्टी ज्या लांब काळ्या खोबणीत बसायची, ती खोबण नव्या कॉम्प्युटरांत राहिलीच नव्हती. हा बोर्ड गेला की कापायचं मशीन भंगारात गेलं.

परत आले तर अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंबादासकाकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पुढ्यात ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं होतं.

"मी मारलं त्याला," अम्मा म्हणाल्या. "पूजेच्या वेळी मारलं."

"अम्मा, तसं काही नसतं..."

"ते चालू होईस्तोवर मी खाणार नाही. दूधसुद्धा नाही."

काकांनी हात जोडले, काकू रडल्या. अम्मा दोघांकडे बघून फक्त मान हलवत राहिल्या. मग मात्र मला राहवेना. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. मशीनला काहीही झालेलं नव्हतं, मीच उगाच नवं घालायला गेले, आणि लाईट बंद करू नका एवढं साधं सांगायचंही मला सुचलं नाही. चूक माझी आहे, तुमची नाही.

अम्मांनी माझ्या गालावरून हात फिरवला. हळदीचा हात होता.

"चांगली पोरगी आहे," त्या काकांना म्हणाल्या. "म्हातारीसाठी खोटं बोलायलीय."

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून चूक कबूल केली होती आणि ती कुणी घ्यायला तयार नव्हतं. मला रडू आलं, आणि थोडं हसूही.

तेवढ्यात मला एका मासिकात वाचलेला प्रकार आठवला. मी विचारलं, "काका, असाच, अगदी ह्याच बोर्डाचा दुसरा कॉम्प्युटर कुणाकडे असेल का? चालू असलेला?"

काका छताकडे बघायला लागले. काकू आत गेल्या.

"आहे की," अम्मा म्हणाल्या. "दत्तनगरात. धाकट्याकडे."

तेव्हा मला चिट्यालांच्या वाटणीची हकीकत कळली. सहा वर्षांपूर्वी अम्मांचे मालक गेले आणि मुलं वेगळी झाली. अम्मांनी वाटणी अशी केली की गल्लीत नाव निघालं. चोवीस माग होते, बारा-बारा. भांडी जोडीजोडीनं. रेडिओ एकच होता, तर तो कुणालाच न देता देवळात देऊन टाकला. नवऱ्याच्या फोटोच्या दोन प्रती काढल्या, अस्सल स्वतःच्या पेटीत ठेवला. पुढे कॉम्प्युटर आणि कापायचं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा दोन्ही मुलांना घेऊन त्या स्वतः दुकानात गेल्या आणि एकाच दिवशी एकसारखी दोन घेतली. स्वतःलाही त्यांनी वाटलं होतं. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, आणि इकडची पाळी चालू असताना तिकडच्या घरात पाऊल ठेवायचं नाही. कुणी म्हणू नये, अम्मा तिकडे झुकली.

इतकं मोजूनमापूनही भांडण झालंच. एक मोराची नक्षी होती. पिसारा मिटलेला, मान मागे वळवलेली. दोघंही म्हणाले ती माझी, दुसऱ्यानं चोरली. त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून अंबादास आणि राजेशम एकमेकांशी बोलत नव्हते.

"मी त्याच्या दारात जाणार नाही," काका म्हणाले.

"तुम्ही नका येऊ," मी म्हटलं. "मी जाते."

त्या दिवशी राजेशम आणि त्यांची बायको कलावती मंगळवेढ्याला गेले होते. दाराला कुलूप. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी पुन्हा चिट्यालांकडे गेले, तर अम्मा तशाच बसलेल्या. रात्रभरात घोटभर पाणी घेतलं होतं, तेवढंच. ओठ सुकले होते आणि आवाज खाली गेला होता. ही बाई माझ्या हौसेपायी मरेल, असं मला सरळसरळ दिसायला लागलं.

मी मेलेली आयसी बोर्डावरून उपसून काढली. चारी बाजूंनी बारीक पाय असलेली, चौकोनी.

"हा किडा?" अम्मा वाकून म्हणाल्या. "एवढ्याशानं एवढं मशीन अडवलं?"

"एवढ्याशानंच."

त्यांनी आपला रिकामा पानाचा डबा पुढे केला. आयसी त्यात ठेवली. मग त्या भिंतीला धरून उठल्या आणि पदर खोचला.

"मी येते."

"अम्मा, पाळी इकडची चालू आहे तुझी," काका चमकून म्हणाले.

"माहितीय मला. स्कूटर काढ."

अशी आमची वरात निघाली. काकांच्या स्कूटरवर मागे अम्मा, मांडीवर पानाचा डबा, आणि त्यांच्या पाठोपाठ लुनावर मी. राजेशमच्या दारात काकांनी अम्मांना उतरवलं, स्कूटर स्टँडला लावली आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. उंबऱ्यापासून चार पावलांवर.

राजेशम चाळिशीचे, भावापेक्षा बारीक. अम्मा पाळी मोडून दारात आलेल्या बघून त्यांच्या हातातली आपट्याची पानं खाली पडली. कलावतींनी पाट दिला. मी भराभरा सगळं सांगितलं. त्यातलं त्यांनी एकच वाक्य पकडलं.

"अम्मा काल जेवली नाही?"

"कालच्याला परवाही जोडा," मी म्हटलं. "नवमीच्या आधी उपासच होता."

त्यांनी पानं गोळा करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "करायचं काय ते सांगा."

"तुमचं मशीन चालू करायचं. ते चालू असतानाच त्यातली बायोसची आयसी काढायची आणि तिच्या जागी ही मेलेली बसवायची. मग तुमच्या मशीनकडून हिच्यात लिहून घ्यायचं."

"चालू असताना?"

"हो. मशीन सुरू होताना आयसीतलं सगळं एकदा वाचून घेतं. त्यानंतर ती आयसी नुसतीच बसून असते. तेवढ्या वेळात बदलायची."

"आणि हात हलला तर?"

मी खोटं बोलू शकले असते. कालच्यानंतर इच्छा उरली नव्हती. "तर दोन्ही मेली."

"ऐकलंत ना?" कलावती नवऱ्याला म्हणाल्या. "त्यांचं गेलंय ते गेलंय. आपलं कशाला पणाला लावायचं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या घरातही कार्डं कापूनच चूल पेटत होती. पण राजेशम आता माझ्याकडे बघत नव्हते, कॉम्प्युटरकडे बघत होते. ती नजर मी ओळखली, कारण ती माझीच होती. चालत्या मागावर तुटलेला धागा न थांबवता जोडणारा माणूस तो. चालू मशीनचं काळीज काढून परत बसवतात कसं, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

"तुम्ही आधी केलंय हे कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही. वाचलंय."

ते एकदम हसले. "मग उघडा."

आयसी उपसायचा चिमटा माझ्याकडे होता, पण चालू बोर्डावर लोखंड टेकवायची माझी छाती नव्हती. एक पाय दुसऱ्याला चिकटला की संपलं. मी म्हटलं, आधी मशीन बंद असताना आयसी काढून तिच्याखालून दोरा घालू, तिला अलगद बसवू, आणि वेळ आली की दोऱ्यानं उचलू. शिवायचा दोरा घातला तर तो तुटला. नायलॉन सुळकन निसटला. अम्मा बघत होत्या. त्यांनी राजेशमला मागावरचा दोन पदरी सुती धागा आणायला सांगितला, जिभेवर ओला केला आणि आयसीभोवती अशी गाठ मारली की ती नखालासुद्धा लागत नव्हती.

"ओढ," त्या म्हणाल्या. "हत्ती ओढलास तरी येईल."

मशीन सुरू केलं. फ्लॉपीतून काळा पडदा, पांढरी अक्षरं. आधी राजेशमच्या आयसीत होतं ते सगळं जसंच्या तसं फ्लॉपीवर उतरवून घेतलं. मग मी दोन्ही हात पुसले.

"पंखा बंद करा," मी म्हटलं.

कलावतींनी खोलीतला पंखा बंद केला. मेन स्विचच्या दिशेनं कुणी जाऊ नये म्हणून राजेशम स्वतः त्याच्यासमोर पाठ लावून उभे राहिले. मी दोरा दोन बोटांत धरला आणि सरळ वर ओढला. आयसी टुपकन बाहेर आली.

पडदा तसाच होता. पांढरी अक्षरं तशीच लुकलुकत होती.

"अय्यो," राजेशम पुटपुटले. "काळीज हातात आणि माणूस बोलतोय."

मेलेली आयसी मी खोबणीवर धरली, कोपरा जुळवला आणि अंगठ्यानं दाबली. कट् असा आवाज झाला. हुकूम टाइप केला. पट्टी निघाली. वीस. चाळीस. साठ. बासष्ट कधी गेलं ते कळलंही नाही. शंभर.

"आता बंद करून चालू करायचं," मी म्हटलं. "आज तुम्हीच करा, अम्मा."

अम्मांनी बटण दाबलं. दोन सेकंद काहीच नाही. मग एक बारीक टीप वाजली आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. मेलेली आयसी त्या मशीनमध्ये जिवंत झाली होती. मी खुर्चीत बसूनच टाळ्या पिटल्या. राजेशमनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग बाईमाणूस आहे हे लक्षात येऊन लाजले. दारातून काकांचं डोकं क्षणभर आत डोकावलं आणि परत गेलं.

"झालं," मी म्हटलं. "आता ही इथेच राहू दे. तुमची आधीची घेऊन जाते, ती त्या बोर्डावर बसवते. सारखीच आहेत. उगाच उपसाउपशी करायला नको, पाय वाकतात."

आणि इथे सगळं अडलं.

"म्हणजे आमचं चांगलं त्यांच्याकडे," कलावती म्हणाल्या, "आणि मेलेलं जिवंत केलेलं आम्हाला?"

"वहिनी, दोन्हींत एकच आहे. अक्षर न् अक्षर."

"एकच आहे तर आमचं आम्हाला द्या."

बाहेरून काकांचा आवाज आला, "मॅडम, त्यांना सांगा, त्यांचं त्यांना देऊन टाका! मला कुणाचं नको!"

"मॅडम, त्यांना सांगा," राजेशमचा चेहरा आवळला, "आम्ही कुणाचं ठेवून घेत नाही. मोरसुद्धा नाही!"

"मोर कुणाचा होता ते विचारा त्यांना, मॅडम!"

मी एकदा दाराकडे, एकदा घराकडे बघत होते. दोघं तेलुगूत भांडत होते, फक्त 'मॅडम, त्यांना सांगा' तेवढं मराठीत. सोलापुरात वाढलेल्या माणसाला एवढं तेलुगू कळतं. मघाशी हसणारा माणूस तो हाच का, असं मला वाटलं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं अम्मांचं. त्या पाटावर बसून एकदा दाराकडे, एकदा राजेशमकडे बघत होत्या. नखाएवढ्या किड्याचीही वाटणी चालली होती.

मी मशीन बंद केलं, जिवंत झालेली आयसी काढली आणि दुसरीभोवतीचा दोरा सोडवला. आता दोन्ही बाहेर होत्या. खोबण पुसायला दोन्ही हात लागणार होते.

"आण इकडे," अम्मांनी तळवा पुढे केला.

मी दोन्ही आयसी त्यांच्या तळव्यावर ठेवल्या. "अम्मा, ही उजवीकडची राजेशमकाकांची, ही डावीकडची..."

अम्मांनी मूठ मिटली. दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर धरला आणि दोन्ही हात कानाजवळ नेऊन खुळखुळवले. लहान मुली कवड्या खेळताना खुळखुळवतात तसे.

"अम्मा! पाय वाकतील!" मी ओरडले.

"अम्मा, हे काय केलंत!" कलावती ओरडल्या.

अम्मांनी मूठ उघडली. दोन काळे चौकोन, एकसारखे. ओरडा ऐकून काका उंबऱ्यापर्यंत आले होते.

"तुमच्या बापाचं काय कुणाकडे गेलं, ते मला अजून सांगता येतं," अम्मा म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना जवळ यावं लागलं. "कुठली परात कुणाची, कुठला माग कुणाचा, झोपेतून उठवून विचारा. मोजून मोजून दिलं. वाटलं, मोजून दिलं की भांडणार नाहीत." त्या थांबल्या, ओठांवरून जीभ फिरवली. "एक तरी वस्तू असू दे दोन्ही घरांत, जी कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही. उचला."

कुणी हात पुढे केला नाही. अम्मांचा तळवा हळूहळू खाली झुकत होता. मला भीती, आयसी आता खाली पडतील.

"अन्ना," राजेशम म्हणाले. या वेळी मध्ये मॅडम नव्हती. "तू घे आधी."

अंबादासकाका उंबरा ओलांडून आत आले. पायातल्या चपलासुद्धा काढायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी तळव्यातली एक आयसी उचलली आणि मुठीत घट्ट धरली. दुसरी राजेशमनी घेतली.

मी दोन्ही आयसींचे पाय तपासले. एक किंचित वाकला होता, तो सुईनं सरळ केला. राजेशमची बसवली, मशीन सुरू झालं. मग आम्ही परत साखर पेठेत, काकांच्या घरी. राजेशम सायकल हाणत मागून आले, "मला बघायचंय" एवढंच म्हणाले. काकांची आयसी बसवली. त्यांनी बटण दाबलं. टीप वाजली, अक्षरं धावली, आणि कापायच्या मशीननं सुरू होताना करायचा तो खडखडाट केला. भोकं पाडायला पुठ्ठा नव्हता तरी ते आपलं रिकामंच खडखडत होतं आणि आम्ही चौघं खुळ्यासारखे ते ऐकत होतो.

राजेशमच्या सायकलला डबा अडकवलेला होता. कलावतींनी निघताना काही न बोलता तो दिला होता. आत पुरणपोळ्या होत्या. काकूंनी आपल्या पोळ्या त्यांच्यावरच ठेवल्या, आणि अम्मांनी वरून दुधाची धार घेऊन, हळूहळू, एक अख्खी पोळी संपवली. दोन्ही मुलं समोर बसून आईचे घास बघत होती. मोराविषयी त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पुढेही ते दोघं फार गळ्यात पडले असं नाही. पण अम्मांची पाळी मोडली ती मोडलीच. मनात येईल तेव्हा त्या रिक्षा करून दत्तनगरला जायच्या.

मी निघाले तेव्हा काका दारापर्यंत आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तरी ठाऊक असेल. माझ्याकडे आली ती कुणाची?"

दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक आयसीवरच्या चिकटपट्टीचा नंबर मी वहीत उतरवून घेत असे. त्या दोन्हींचेही घेतले होते, कुठला कुणाचा हे नावानिशी. वही पिशवीत होती. बसवताना नंबर डोळ्यांसमोर आला होता, पण वहीतला मला आठवत नव्हता. उघडून बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. आणि मला बघायचं होतं. खोटं कशाला बोलू, हाताची बोटं शिवशिवत होती.

"नाही, काका," मी म्हटलं. "मलाही ठाऊक नाही."

लुना सुरू केली, वाटेत ओढ्यावरच्या पुलाशी थांबले, वहीतलं ते पान न वाचता फाडलं, बारीक तुकडे केले आणि खाली सोडून दिले.